विषाणूच्या कवचातले साठ फेरे

पोलिओ रविवारी घाटकोपर स्थानकाच्या बाहेर एक टेबल मांडलेले दिसते. टेबलावर निळा व्हॅक्सिन कॅरिअर, त्यात बर्फाचे पॅक, पॅकच्या मधोमध लशीची कुपी. आई मुलाचा गाल हलकेच दाबते, जिभेवर दोन थेंब पडतात, डाव्या हाताच्या करंगळीवर मार्करची खूण होते आणि मूल रडायचे की हसायचे हे ठरवेपर्यंत सगळे संपलेले असते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड इथल्या स्थानकांवरही हेच दृश्य दिसते.

त्या दोन थेंबांत लाखो विषाणू असतात. ते जिवंत, पण दुर्बल केलेले. एकेकाचा व्यास सुमारे ३० नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या अंतरावर तेहतीस हजारांहून जास्त विषाणू ओळीने बसतील. इतक्या लहान वस्तूला घाट असतो आणि तो अत्यंत काटेकोर असतो. तो समजून घेताना आपण गणिताच्या अशा एका शाखेत पोहोचतो, जिचे नाव रुग्णालयात कधी ऐकू येत नाही. लस थंडच का ठेवायची, हा रोजचा प्रश्नही याच घाटाशी जोडलेला आहे.

एक साचा, साठ मोदक

पोलिओच्या विषाणूची जनुकीय चिठ्ठी सुमारे ७,५०० अक्षरांची असते. या चिठ्ठीत त्याला सगळे लिहायचे असते: पेशीत शिरल्यावर काय करायचे, स्वतःच्या प्रती कशा काढायच्या आणि चिठ्ठी सांभाळणारे प्रथिनांचे कवच कसे बांधायचे. कवचाच्या एका घटकात चार प्रथिने असतात आणि त्यांत मिळून सुमारे ८८० अमिनो आम्ले. एका अमिनो आम्लाला चिठ्ठीत तीन अक्षरे लागतात, म्हणजे एका घटकासाठी सुमारे २,६५० अक्षरे झाली. कवचात असे साठ घटक असतात. प्रत्येकाची कृती वेगळी लिहायची तर जवळजवळ १,५८,००० अक्षरे लागतील, म्हणजे मूळ चिठ्ठीच्या एकवीस पट. कवचच मावणार नाही अशी ही चिठ्ठी होईल.

त्यावरचा उपाय कोणत्याही घरात गणपतीच्या दिवसांत दिसतो. एकवीस मोदकांना एकवीस साचे लागत नाहीत. विषाणूही एकच साचा ठेवतो आणि तो साठ वेळा वापरतो. साठ सारखे घटक एकमेकांना सारख्याच पद्धतीने जोडले गेले की कवच आपोआप बंद होते. लहान विषाणू हेच करत असणार, असा तर्क जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी १९५६ मध्ये मांडला. लंडनमध्ये रोझलिंड फ्रँकलिन यांनी पोलिओच्या विषाणूवर क्ष-किरणांनी काम सुरू केले. एप्रिल १९५८ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, अंडाशयाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांचे सहकारी जॉन फिंच आणि एरन क्लुग यांनी ते काम पुढे नेऊन १९५९ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातून तर्क खरा ठरला. १९८५ मध्ये पोलिओच्या कवचातील अणूंच्या जागाही समजल्या.

अंधेरीच्या मैदानावरचा चेंडू

हा घाट पाहण्यासाठी सूक्ष्मदर्शक लागत नाही. अंधेरीच्या क्रीडासंकुलातल्या मैदानावर किंवा सोसायटीच्या आवारात मुले ज्या काळ्या-पांढऱ्या फुटबॉलने खेळतात, तो हातात घ्यावा. त्यावर १२ काळे पंचकोन आणि २० पांढरे षट्कोन असतात. आता असा खेळ करावा: डोळे मिटलेल्या मित्रासमोर चेंडू असा फिरवायचा की डोळे उघडल्यावर तो फिरवला आहे हे त्याला ओळखता येऊ नये. असे किती फेरे आहेत?

समोरासमोरचे दोन पंचकोन धरून फिरवले तर सहा अक्ष मिळतात आणि प्रत्येकावर चार फेरे, म्हणजे २४. समोरासमोरचे षट्कोन धरले तर दहा अक्ष आणि प्रत्येकावर दोन फेरे, म्हणजे २०. दोन पांढऱ्या तुकड्यांमधल्या शिवणीचा मध्य धरला तर पंधरा अक्ष आणि प्रत्येकावर एक अर्धा फेरा, म्हणजे १५. शिवाय काहीच न करणे हाही एक फेरा मोजायचा. २४, २०, १५ आणि १ मिळून ६०. पोलिओच्या कवचातही नेमके हेच साठ फेरे आहेत. एका घटकावरून निघून या साठ फेऱ्यांनी उरलेल्या प्रत्येक घटकापर्यंत पोहोचता येते.

एक फेरा करून त्यावर दुसरा केला तर तो मिळून याच यादीतला तिसरा फेरा होतो आणि प्रत्येक फेरा उलटवताही येतो. अशा बंदिस्त कुटुंबाला गणितात ग्रुप म्हणतात.

दोन बटणांचे अंकगणित

आता चेंडू बाजूला ठेवून जिन्यातल्या दिव्याचे बटण घ्यावे. ते दोनदा दाबले की सगळे पूर्ववत होते. म्हणजे इथे एक अधिक एक बरोबर शून्य. अशी दोन बटणे शेजारी ठेवली तर चार अवस्था होतात. त्यांना ०, १, क आणि ख म्हणू. त्यांची बेरीज बटणांसारखीच. गुणाकारासाठी नियम असे: क गुणिले क म्हणजे ख, आणि क गुणिले ख म्हणजे १. एवढ्यावर बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार चारही व्यवस्थित चालतात. संख्यांचे हे चार घरांचे पूर्ण गाव झाले.

या चार चिन्हांनी दोन ओळी आणि दोन स्तंभांची सारणी भरायची. चार चौकटी, प्रत्येकीत चार पर्याय, म्हणजे २५६ सारण्या. त्यांपैकी ज्यांनी केलेला बदल उलटवता येतो अशा १८० असतात. हा झाला चार चिन्हांवरचा जनरल लिनिअर ग्रुप. शाळेत दहावीला निश्चयक शिकवतात. ज्या सारण्यांचा निश्चयक १ आहे, त्याच ठेवल्या तर उरतात बरोबर ६०. या साठ सारण्या आणि चेंडूचे साठ फेरे यांची एकास एक जोडी अशी लावता येते की फेऱ्यांचा सगळा हिशेब सारण्यांच्या गुणाकाराने तंतोतंत जुळतो. विषाणूचे कवच आणि दिव्याच्या बटणांचे गणित आतून एकच आहे.

अशा छोट्या संख्याजगांची कल्पना फ्रान्सच्या एव्हारिस्त गाल्वा याने १८३० मध्ये मांडली. २९ मे १८३२ च्या रात्री त्याने मित्राला एक लांबलचक पत्र लिहिले. त्यात अशा सारण्यांच्या ग्रुपबद्दल एक निरीक्षण आहे: ५, ७ आणि ११ या मूळ संख्यांपाशी हे ग्रुप नेहमीपेक्षा एक वस्तू कमी घेऊनही चालतात. यातला पाचाचा ग्रुप म्हणजे आपलेच साठ फेरे. दुसऱ्या दिवशी सकाळी द्वंद्वात त्याच्या पोटात गोळी लागली आणि ३१ मे रोजी पोटाच्या आवरणाच्या दाहाने, म्हणजे पेरिटोनायटिसने, तो रुग्णालयात वारला. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. प्रतिजैविके शंभर वर्षे दूर होती.

भागाकार अडतो तेव्हा

विषाणूचे चित्र काढणाऱ्यांना हे साठ फेरे फार उपयोगी पडतात. गोठवलेल्या नमुन्याचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने घेतलेले चित्र अतिशय धूसर असते. पण घटक साठ आहेत आणि सगळे सारखे आहेत हे माहीत असेल, तर एकाच विषाणूकडे साठ बाजूंनी पाहून सरासरी काढता येते. साठांची बेरीज करायची आणि साठने भागायचे. धूसरपणा घटतो, खरा आकार वर येतो.

गणितज्ञही हेच करतात. ग्रुपच्या फेऱ्यांचा एखाद्या गोष्टीवर काय परिणाम होतो याच्या अभ्यासाला प्रतिरूपण सिद्धान्त म्हणतात. कवच थरथरते तेव्हा त्या थरथरण्याचे प्रकार सुटे नसतात. एकट्याने येणारा एक असतो, म्हणजे सगळे कवच एकदम फुगते आणि आकसते. बाकीचे तीन-तीनच्या, चारच्या किंवा पाचच्या संचात येतात. या साठ फेऱ्यांचे मूलभूत तुकडे पाचच: १, ३, ३, ४ आणि ५. त्यांचे वर्ग करून बेरीज केली तर १ + ९ + ९ + १६ + २५ = ६०. काही शिल्लक उरत नाही. कोणतीही गुंतागुंतीची रचना या पाच तुकड्यांत स्वच्छ विभागता येते आणि त्यासाठी वापरायचे हत्यार म्हणजे तीच सरासरी, साठने भागणे.

पण बटणांच्या जगात? तिथे एक अधिक एक शून्य, म्हणून साठ वेळा एक मिळवला तरी शून्यच. साठने भागणे म्हणजे शून्याने भागणे. हत्यारच हातातून जाते. इथून मॉड्युलर प्रतिरूपण सिद्धान्त सुरू होतो. १९३० च्या दशकात रिचर्ड ब्राउअर यांनी त्याचा पाया घातला. चार चिन्हांच्या जगात साठ सारण्यांचे मूलभूत तुकडे चार उरतात: १, २, २ आणि ४. वर्गांची बेरीज २५. साठातले ३५ कुठे गेले?

ते हरवलेले नाहीत. तुकडे एकमेकांना चिकटले आहेत आणि ३५ हे त्या चिकटण्याचे माप आहे. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर आतड्याची वेटोळी एकमेकांना चिकटतात, तेव्हा आतडे तेच असते, पण एक वेटोळे ओढले की दुसरे सोबत येते. इथेही तसेच होते. तुकड्यांची यादी तुम्हाला माहीत असते, पण कोण कोणाला कुठे धरून आहे हे कळल्याशिवाय रचना समजत नाही. या चिकटण्याची पद्धतशीर नोंद ठेवणारे शास्त्र म्हणजे कोहोमॉलॉजी.

ताट हातात घेऊन

कोहोमॉलॉजीची दुसरी ओळख स्वयंपाकघरातल्या ताटाने होते. उजव्या तळहातावर रिकामे ताट आडवे ठेवावे. ते आडवेच ठेवून, हात काखेखालून नेत, एक पूर्ण फेरा द्यावा. ताट मूळ जागी आले, पण हात पिळलेला राहिला. आता त्याच दिशेने, हात डोक्यावरून नेत, दुसरा फेरा द्यावा. हात सरळ होतो! ताटाला एक फेरा पुरतो, खांद्याला दोन लागतात.

म्हणून हात जोडलेला असेल तर साठपैकी प्रत्येक फेऱ्याच्या दोन आवृत्त्या होतात, एकूण १२०. त्यातून प्रत्येकाची एकच आवृत्ती निवडून साठांचा बिनचूक हिशेब ठेवता येईल का? नाही. अर्धा फेरा दोनदा केला की काहीच न केल्यासारखे व्हायला हवे. पण कोणतीही आवृत्ती निवडली तरी दोनदा केल्यावर हात पिळलेलाच राहतो. ही अडचण कोणाच्या कौशल्याने सुटणारी नाही, ती ग्रुपच्या स्वभावातच आहे. अशा न सुटणाऱ्या अडचणी कोहोमॉलॉजी मोजते. पुण्याच्या आयसरमध्ये स्टिव्हन स्पॅलोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमक्या याच प्रकारच्या प्रश्नांवर, छोट्या संख्याजगांवरील सारण्यांच्या ग्रुपसाठी, काम केले आहे. टीआयएफआरमध्ये दीर्घकाळ आणि नंतर पवईच्या आयआयटीत काम केलेले दीपेंद्र प्रसाद यांच्या संशोधनातही या ग्रुपची प्रतिरूपणे आहेत. घाटकोपरच्या बूथपासून पवई काही फार दूर नाही.

मोठ्या सारण्यांसाठी हा हिशेब अवघड होत जातो. अमेरिकेच्या डॅनियल क्विलन यांनी १९७२ मध्ये त्याचा मोठा भाग सोडवला आणि १९७८ मध्ये त्यांना फील्ड्स पदक मिळाले. पण संख्याजगाची आणि मोजमापाची मूळ संख्या एकच असते, म्हणजे भागाकार नेमका जिथे अडतो, तिथला पूर्ण हिशेब अजून कोणालाच लावता आलेला नाही.

उज्जैनहून मुंबईमार्गे

याच प्रदेशात एका मराठी गणितज्ञाची मोठी खूण आहे. श्रीराम शंकर अभ्यंकर यांचा जन्म १९३० मध्ये उज्जैनचा. वडील ग्वाल्हेरला गणिताचे प्राध्यापक. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून १९५१ मध्ये बी.एस्सी. होऊन ते हार्वर्डला गेले आणि पुढे पर्ड्यू विद्यापीठात शिकवू लागले. समीकरणाच्या उत्तरांची आपापसांत जी अदलाबदल चालते, तिचाही ग्रुप असतो. ज्या जगात एखादी मूळ संख्याच शून्य होते, तिथे कोणकोणते ग्रुप अशा समीकरणांतून मिळू शकतात, याबद्दल त्यांनी १९५७ मध्ये एक अटकळ मांडली. ती सिद्ध व्हायला सदतीस वर्षे लागली. १९९४ मध्ये फ्रान्सचे मिशेल रेनो आणि अमेरिकेचे डेव्हिड हार्बेटर यांनी ती सिद्ध केली. अभ्यंकर तोवर थांबले नव्हते. ‘मिळू शकतात’ यावर त्यांचे समाधान नव्हते. सारण्यांच्या ग्रुपसाठी प्रत्यक्ष समीकरणे लिहून दाखवण्याचा त्यांना ध्यास होता आणि ती त्यांनी लिहिली. १९७६ मध्ये त्यांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केले. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले.

घाट तोच, गुण गेला

हे सगळे वाचून एखादी आई विचारील, यातले माझ्या बाळाच्या उपयोगाचे काय? प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवे. भारतातून पोलिओ गेला तो घरोघर फिरलेल्या आरोग्यसेविका, आशा आणि स्वयंसेवक यांच्या पायांनी. शेवटचा नैसर्गिक पोलिओचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. त्यात कोहोमॉलॉजीचा काही वाटा नाही.

पण कवचाचा घाट ओळखण्याचा उपयोग झाला आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या लशीत एचपीव्ही विषाणूच्या कवचाचे एकच प्रथिन असते. ते पाच-पाचच्या ७२ गटांत आपोआप जुळून पोकळ चेंडू बनवते. आत चिठ्ठीच नसल्याने आजार होण्याचा प्रश्न नाही, पण शरीराला घाट ओळखीचा होतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने अशीच लस तयार केली आणि २०२२ मध्ये तिला देशात परवानगी मिळाली. पोलिओसाठीही असे रिकामे कवच बनवण्याचे प्रयत्न सुरू आहेत. त्यातली अडचण अशी की रिकामे कवच लवकर बिघडते.

हे बिघडणे समजून घेण्यासारखे आहे. इंजेक्शनने देण्याच्या पोलिओ लशीतील मृत विषाणूला उष्णता लागली की कवच किंचित फुगते. साठ फेरे तसेच राहतात, चेंडू तसाच दिसतो. पण पृष्ठभागावरचे उंचवटे बदलतात आणि खऱ्या विषाणूला ओळखणारी प्रतिपिंडे त्यामुळे नीट तयार होत नाहीत. घाट तोच, गुण गेला. अशी लस टोचली तर बाळ रडते, कार्डावर नोंद होते आणि संरक्षण मात्र मिळत नाही. गणित इथपर्यंतच सोबत करते. पुढचे काम बर्फाच्या पॅकचे.

म्हणून दोन गोष्टी पालकांनी जरूर पाहाव्यात. तोंडावाटे देण्याच्या लशीच्या कुपीवर एका गोल खुणेत छोटा चौकोन असतो. चौकोन भोवतालच्या गोलापेक्षा फिका असेल तर लस वापरण्याजोगी. तो गोलाइतका किंवा त्याहून गडद झाला असेल तर ती कुपी वापरायची नाही. दाखवा म्हणून विचारण्यात संकोच नसावा. दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. थेंब जन्मतः, मग सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात आणि दीड वर्षाच्या आसपास. इंजेक्शन सहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात आणि २०२३ पासून नवव्या महिन्यातही. उपनगरांत बाळंतपणासाठी गावी गेलेल्या, भाड्याचे घर बदललेल्या कुटुंबांचे डोस मधेच राहतात. राहिलेला डोस घेण्यासाठी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, कार्ड घेऊन जवळच्या आरोग्य केंद्रात जायचे.

मुंबईत सांडपाण्याचे नमुने पोलिओसाठी २००१ पासून तपासले जातात, ते उगाच नाही. २०२२ मध्ये लंडन आणि न्यूयॉर्कच्या सांडपाण्यात पोलिओचा विषाणू पुन्हा दिसला. साठ घटकांचे ते कवच अजून जगातून गेलेले नाही. पुढच्या पोलिओ रविवारी स्थानकाबाहेर ते टेबल पुन्हा मांडले जाईल. पाच वर्षांखालच्या मुलाला तिथे न्यायचे, आधीचे सगळे डोस झाले असले तरी.